मधोमध खांब: तुलूझच्या मठातलं ताडाचं झाड

लग्नाच्या हॉलमध्ये खांबामागची खुर्ची वाट्याला आली की अक्षता कधी टाकायच्या हे शेजाऱ्यांचे हात बघून ठरवावं लागतं. म्हणून हॉल बांधणारा शहाणा माणूस खांब कडेला सारतो आणि मधली जागा मोकळी ठेवतो. देवळाच्या सभामंडपातही तेच. खांबांच्या ओळी दोन्ही अंगांना, आणि मधून नजर थेट गाभाऱ्यात. युरोपातल्या मोठ्या चर्चमध्येही शेकडो वर्षं हाच शिरस्ता होता.

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात मात्र एक चर्च असं आहे की त्यात खांबांची एकच रांग आहे, आणि ती बरोबर मधोमध. चर्च सुमारे ८० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. सात उंच खांब एकामागे एक उभे राहून त्याचे लांबीत दोन भाग करतात. शेवटच्या, सातव्या खांबाच्या डोक्यातून छताच्या २२ फासळ्या चहूबाजूंना फुटतात. खाली उभं राहून वर पाहिलं तर कोकणात माडाच्या बुंध्याशी उभं राहून झावळ्यांकडे बघावं तसं वाटतं. तुलूझचे लोक त्याला ‘पाल्मिये’ म्हणतात, म्हणजे ताडाचं झाड.

पर्यटक येतात ते या झाडासाठी. पण झाड समजून घ्यायचं तर आधी ती मधली रांग समजून घ्यावी लागते, आणि रांग समजायची तर तिथे राहणारे लोक कोण होते ते कळायला हवं.

हा डॉमिनिकन फ्रायरांचा मठ. मराठीत आपण मंक आणि फ्रायर या दोघांनाही ‘ख्रिस्ती संन्यासी’ म्हणून मोकळे होतो, पण त्यांच्यात मोठा फरक आहे. मंक एकदा ज्या मठात शिरला तिथेच साधारणपणे मरेपर्यंत राहायचा. मठ बहुधा गावाबाहेर, रानात. त्याची स्वतःची शेती, गिरणी, तळी, कुळं. मंक स्वतः निर्धन असला तरी त्याचा मठ चांगलाच गबर असू शकायचा. फ्रायर ही तेराव्या शतकातली नवी कल्पना होती. लॅटिनमध्ये ‘फ्रातेर’ म्हणजे भाऊ, त्यावरून हा शब्द आला. फ्रायर भर शहरात राहायचा, रस्त्यावर लोकांशी बोलायचा, वरिष्ठ पाठवतील त्या गावी चालत जायचा आणि लोक देतील त्यावर पोट भरायचा. माधुकरी मागणारा संन्यासी आपल्याला नवा नाही. तेव्हाच्या युरोपातल्या बड्या धर्माधिकाऱ्यांना मात्र तो बराच खटकणारा प्रकार होता.

ही कल्पना तुलूझमध्येच रुजण्यामागे कारण होतं. या भागात कॅथर नावाचा पंथ पसरला होता. कॅथरांच्या मते आत्म्याचं जग चांगलं आणि डोळ्यांना दिसणारं हे जड जग दुष्ट शक्तीचं. त्यांचे दीक्षा घेतलेले लोक मांस खात नसत, लग्न करत नसत, अत्यंत साधे राहत. शेजारी कॅथलिक बिशप घोड्यावरून, नोकरचाकरांच्या लवाजम्यासह येताना दिसला की सामान्य माणसाच्या मनात तुलना होणारच. पोपने या पंथाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ते १२०९ मध्ये सुरू झालं. ते वीस वर्षं चाललं आणि त्यात गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली.

डॉमिनिक हा स्पॅनिश धर्मगुरू या मुलखात युद्धाच्या आधीपासून फिरत होता. त्याचं निदान साधं होतं: घोड्यावरून केलेला उपदेश कोणी ऐकत नाही, खाली उतरा, चालत जा, भीक मागा, आणि वाद घालता येईल एवढा अभ्यास करा. १२१५ मध्ये पिएर सेला नावाच्या तुलूझच्या एका सधन नागरिकाने आपलं घर या मंडळींना दिलं. पुढच्याच वर्षी पोपने संघाला मान्यता दिली. १२१७ मध्ये डॉमिनिकने आपले मूठभर साथीदार चारी दिशांना पाठवून दिले. पॅरिसला गेलेले संत याकोबाच्या नावाच्या जागेत राहू लागले, म्हणून फ्रान्समध्ये डॉमिनिकनांना ‘जाकोबँ’ हे नाव पडलं. तेच तुलूझच्या मठालाही चिकटलं. (फ्रेंच राज्यक्रांतीतले जहाल जाकोबँ ते हेच नाव. त्यांचा क्लब पॅरिसमध्ये डॉमिनिकनांच्या एका मठात भरायचा. मठ बंद करणाऱ्या क्रांतीतल्या सर्वांत गाजलेल्या गटाला मठाचं नाव मिळालं, हा इतिहासाचा खवचटपणा.)

युद्ध १२२९ च्या तहाने संपलं. तुलूझमध्ये विद्यापीठ काढायचं आणि प्राध्यापकांचे पगार हरलेल्या काउंटने, म्हणजे तुलूझच्या सत्ताधीशाने, द्यायचे, हीसुद्धा तहातली अट होती. विद्यापीठ पाखंडाविरुद्ध हत्यार म्हणून काढलं होतं. त्याच सुमारास फ्रायरांना शहरात मोठी जागा मिळाली आणि चर्चचं काम सुरू झालं.

इथे थोडं थांबून एक कडू गोष्ट सांगायला हवी. सुंदर इमारतींवर लिहिताना ती हळूच वगळली जाते. पोपने १२३३ मध्ये पाखंड शोधून काढण्याचं काम, म्हणजे इन्क्विझिशन, डॉमिनिकनांवर सोपवलं. तुलूझच्या मठातल्याच गिओम पेलिसों या फ्रायरने त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. डॉमिनिकला संत घोषित केल्यानंतरचा पहिला सण, ऑगस्ट १२३४. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली, मंडळी जेवणापूर्वी हात धूत होती. तेवढ्यात खबर आली की जवळच्या घरात एक स्त्री मरणपंथाला लागली आहे आणि ती कॅथर आहे. तुलूझचा बिशप, जो स्वतः डॉमिनिकन होता, उठून तिच्याकडे गेला. तिला वाटलं, आपल्याच पंथाचा बिशप आला. तिने मनातलं सगळं सांगितलं. तिला खाटेसकट उचलून नेऊन जाळण्यात आलं. मग बिशप आणि फ्रायर परत आले, देवाचे आणि संत डॉमिनिकचे आभार मानून आनंदाने जेवले. पेलिसों हे लपवत नाही, अभिमानाने सांगतो. म्हणूनच वाचताना जास्त अंगावर येतं.

पुढच्या वर्षी शहराची सहनशक्ती संपली. नगरप्रमुखांनी मठाभोवती पहारे बसवले, फ्रायरांना अन्न देऊ नये असा हुकूम काढला आणि नोव्हेंबर १२३५ मध्ये त्यांना शब्दशः उचलून शहराबाहेर काढलं. १२३६ मध्ये ते परतले, आणि बांधकामही पुढे चालू झालं.

आता इमारतीकडे येऊ. फ्रायरांना चर्चकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. एक, स्वतःसाठी शांत जागा. दिवसातून अनेकदा आणि रात्री उठूनही समोरासमोरच्या बाकांशी उभं राहून स्तोत्रं म्हणायची, तिथे बाहेरच्यांची वर्दळ नको. दुसरी, प्रवचनासाठी मोठा हॉल. संघाचं अधिकृत नावच ‘उपदेशक बंधू’. शहरातले शेकडो लोक मावले पाहिजेत आणि बोलणाऱ्याचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचला पाहिजे. नेहमीच्या चर्चमध्ये हे दोन्ही एका रेषेत बसवतात: पुढे धर्मगुरू, मागे लोक, मध्ये पडदाभिंत. तुलूझमध्ये त्यांनी ते शेजारी शेजारी बसवलं. एका छपराखाली दोन लांब दालनं, एक फ्रायरांचं, एक लोकांचं, आणि मध्ये खांबांची रांग. एवढं कळलं की मधले खांब खुपेनासे होतात. ते हॉलच्या मध्ये नाहीतच, दोन हॉलच्या सीमेवर आहेत. पॅरिसच्या आणि आझाँच्या डॉमिनिकनांनीही अशीच जुळी चर्चं बांधली.

पहिलं चर्च १२३०च्या दशकातलं. साधी आयताकृती इमारत, बुटकी, शेवट सपाट भिंतीत. बुटकी असणं भाग होतं, कारण संघाचा नियमच होता की घरं साधी असावीत, चर्च ३० फुटांहून उंच नको, आणि स्तोत्रांची जागा व पूजासाहित्याची खोली सोडून कुठेही दगडी कमानीचं छत नको. भीक मागणाऱ्यांनी राजवाड्यात राहू नये, इतकं ते सरळ होतं. आज आपण बघतो त्या चर्चचं छत २८ मीटरवर आहे, म्हणजे ९० फुटांच्याही वर.

हा प्रवास एका दिवसात झाला नाही. १२४५ ते १२५२ च्या दरम्यान पूर्वेकडची सपाट भिंत काढून चर्च लांबवलं आणि शेवटाला बहुकोनी आकार दिला. १२७५ ते १२९२ या काळात तोच पूर्वेचा भाग उंच केला, तेव्हा ताडाचं झाड उभं राहिलं. आता पुढचा भाग आकाशात आणि मागचा बुटका, असं विचित्र ध्यान झालं. साधारण १३२५ ते १३३५ मध्ये मागचा भागही त्याच उंचीला नेला. अभिषेक झाला १३८५ मध्ये. दीडशे वर्षांत ३० फुटांचा नियम हळूहळू ढिला पडला. देणग्या येत होत्या, श्रीमंत लोक चर्चमध्ये पुरायची जागा मागत होते, विद्यापीठाचे समारंभ तिथे व्हायचे. दारिद्र्याची शपथ माणसाने घेतलेली असते, संस्थेला ती पेलत नाही. आपल्याकडच्या मठांचे हिशेब पाहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

आता झाडाचं कोडं. बहुकोनी शेवटावर छत घालायची नेहमीची रीत अशी: भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्यातून एक फासळी उठते, आत वाकत येते, आणि सगळ्या फासळ्या मधोमध अधांतरी एका चावीच्या दगडाशी भेटतात. तो दगड सगळ्यांना एकमेकींवर रेलून धरतो. पण तुलूझमध्ये चावीचा दगड जिथे यायचा त्या मध्यरेषेवरच खांबांची रांग चालत आलेली. दोन दालनांची गरज तर सोडता येत नाही, आणि शेवट तर एकच आहे. मग त्या अनामिक मुख्य गवंड्याने अडचणीलाच कामाला लावलं. सगळ्या फासळ्या भेटणार त्या ठिकाणी शेवटचा खांब उभा केला, आणि भिंतींकडून येणाऱ्या फासळ्या त्याच्याच डोक्यावर आणून टेकवल्या. म्हणजे नक्षी सुचली म्हणून झाड झालं असं नाही. दोन हॉलना एका गोल टोकात मिटवायचं होतं, त्याचं हे उत्तर.

खालून ते उघडलेल्या छत्रीसारखं दिसतं. पण छत्रीच्या काड्या कापडाला ताणून धरतात, इथल्या फासळ्या रेटतात. कमानीचा प्रत्येक अर्धा भाग तिरका झुकलेला असतो आणि आपल्या टेकूला खाली आणि बाहेर असा दोन्हीकडे ढकलत असतो. चारच मुलांनी एका बाजूने खांबाला पाठ लावून रेटा दिला तर खांब हलेल. बावीस जणांनी गोल करून सारखाच रेटा दिला तर तो जागच्या जागी राहील, फक्त वरचं ओझं पायापर्यंत नेणं एवढंच त्याच्याकडे उरेल. म्हणून इतका उंच खांब इतका सडपातळ ठेवता आला. फासळ्यांच्या दुसऱ्या टोकांचा रेटा मात्र कुणी परतवत नाही. तो बाहेरच्या भिंतींवर जातो. चर्चला बाहेरून फेरी मारली तर ते दिसतं: विटांचे जाडजूड धिरे ओळीने भिंतीला टेकलेले. आत नजाकत, बाहेर पैलवान.

बांधण्याची पद्धत आजच्या गवंड्यालाही ओळखीची वाटेल. आधी लाकडाचं सेंटरिंग, त्यावर फासळ्या रचायच्या, फासळ्यांमधल्या जागा हलक्या पातळ बांधकामाने भरायच्या आणि चुना पकडला की सेंटरिंग काढायचं. फरक इतकाच की इथे ते सगळं आठ-नऊ मजली इमारतीच्या उंचीवर, बांबू-दोरखंडांच्या काळाला शोभेल अशा सामग्रीनिशी करायचं होतं.

खांब दगडाचे, पण भिंती विटांच्या. तुलूझ गारोन नदीच्या गाळाच्या मैदानात आहे. जवळपास चांगल्या दगडाची खाण नाही, माती हवी तेवढी. इथली वीट आपल्या विटेपेक्षा बरीच मोठी आणि चपटी, जवळपास ४२ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ५ सेंटिमीटर जाड. सगळं जुनं शहर तिचं, म्हणून त्याला गुलाबी शहर म्हणतात. गंमत म्हणजे आतून या विटांच्या भिंतींवर रंगाने दगडाच्या चिऱ्यांचा आभास काढलेला आहे, सांध्यांच्या रेषांसकट. आपल्याकडे सिमेंटच्या भिंतीवर विटांच्या डिझाइनचा वॉलपेपर लावतात, त्यांनी विटेवर दगड रंगवला.

विटेचा स्वभाव घंटाघरात सर्वांत छान दिसतो. ते १२९८ मध्ये पुरं झालं, अष्टकोनी, ४५ मीटर उंच. त्याच्या खिडक्यांच्या कमानी गोल नाहीत की बाकदारही नाहीत. पत्त्यांचं घर करताना दोन पत्ते एकमेकांवर टेकवतो तशा त्या सरळ, त्रिकोणी आहेत. गोल कमानीसाठी प्रत्येक तुकडा तरी निमुळता घडवावा लागतो, नाहीतर सांधे तरी निमुळते ठेवावे लागतात. सरळ विटा तिरक्या रचून त्रिकोण करणं किती सोपं!

चर्चच्या उत्तरेला मठाचा राहता भाग. त्याची मांडणी चौसोपी वाड्यासारखी: मध्ये उघडा चौक, चारही बाजूंना ओसरी, ओसरीतून खोल्यांची दारं. ओसरीचे खांब जोडीजोडीने, करड्या संगमरवराचे, मनगटासारखे बारीक वाटतात. पूर्वेला सभेची खोली. फ्रायर तिथे रोज जमायचे, नियमांचं वाचन व्हायचं, चुका कबूल केल्या जायच्या, वरिष्ठांची निवड व्हायची. १३००च्या सुमारास बांधलेल्या त्या खोलीचं अख्खं छत संगमरवराच्या दोनच काटकुळ्या खांबांवर आहे. शेजारी संत आंतोनँचं छोटं चित्रमय प्रार्थनामंदिर. भोजनगृह चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्यामुळे १२३४ चं ते जेवण या खोलीतलं नव्हे.

मठातली सर्वांत मोलाची वस्तू मात्र बाहेरून आली. थोर डॉमिनिकन तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस १२७४ मध्ये इटलीत प्रवासात असताना फोसानोव्हा इथे वारला. तो मठ दुसऱ्याच संघाचा, सिस्टर्शियन मंकांचा. त्यांनी देह सोडला नाही. डॉमिनिकन जवळपास शंभर वर्षं मागत राहिले. अखेर पोप अर्बन पाचवा, जो स्वतः दक्षिण फ्रान्सचा, त्याने निकाल दिला, आणि २८ जानेवारी १३६९ रोजी अस्थी तुलूझला पोचल्या. थॉमस या मठात कधी राहिलेला नव्हता. पण संघ जिथे जन्मला तिथे संघाचा सर्वांत मोठा विद्वान असावा, हा युक्तिवाद चालला.

याच संघाचा एक धागा थेट ठाण्यापर्यंत येतो. जॉर्डन कातालानी हा दक्षिण फ्रान्सचा डॉमिनिकन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या फ्रायर-संघातल्या चार साथीदारांबरोबर १३२१ मध्ये ठाण्याला उतरला. जॉर्डन पुढे गेलेला असताना ठाण्यात त्या चौघांची हत्या झाली. त्याने परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला. पुढे १३२९ मध्ये पोपने त्याला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमलं. तुलूझच्या चर्चचा मागचा भाग उंच व्हायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. डॉमिनिकन संघ गोव्यात रीतसर आला तो पोर्तुगीज काळात, १५४८ मध्ये. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. ते नंतरच्या घडणीचं आहे, तिथे झाड शोधू नये.

फ्रेंच क्रांतीने १७९० मध्ये सगळे संघ बंद केले. थॉमसच्या अस्थी शहरातल्या सँ सेर्नँ चर्चमध्ये हलवल्या. १८१० मध्ये नेपोलियनच्या काळात मठ लष्कराकडे गेला. चर्चमध्ये मधले मजले घातले गेले. खाली तोफखान्याचे घोडे, वर शिपायांच्या झोपण्याच्या जागा. ओसरीचा निम्मा भाग पाडला. ज्या छताखाली उपदेश घुमावा म्हणून एवढा खटाटोप झाला, तिथे पन्नासेक वर्षं खिंकाळणं घुमलं. १८६५ मध्ये लष्कर गेलं, पण दुरुस्ती विसाव्या शतकात बरीच लांबेपर्यंत रेंगाळली. मधल्या काळात एक चांगलं काम या इमारतीने केलं: पहिल्या महायुद्धात लूव्हर संग्रहालयातली चित्रं जर्मनांपासून दूर ठेवायला इथे आणली होती. पाडलेल्या ओसरीच्या बाजू पुन्हा उभारल्या गेल्या, विखुरलेले नक्षीदार दगड शोधून आणून बसवले गेले. १९७४ मध्ये, थॉमसच्या मृत्यूला ७०० वर्षं झाली तेव्हा, त्याच्या अस्थी परत आल्या. आता त्या वेदीखाली सोनेरी पेटीत आहेत.

आज आत शिरलं तर दोन दालनांमधला पडदा, बाकं, व्यासपीठ यांतलं काही नाही. सगळं एकच रिकामं सभागृह वाटतं. खिडक्यांच्या बहुतेक काचा १९५०च्या दशकातल्या, माक्स आंग्रां या कलाकाराच्या. दक्षिणेकडे उबदार रंग, उत्तरेकडे थंड, त्यामुळे ऊन असलं की खांबांच्या एका अंगावर लाल-पिवळं चढतं आणि दुसरं निळसर राहतं. फरशीत काळ्या दगडाच्या पट्टीने पहिल्या बुटक्या चर्चची हद्द आखलेली आहे. बहुतेक लोक वर बघत चालत तिच्यावरून जातात. झाडाखाली, मान दुखू नये म्हणून, एक आरसा ठेवलेला आहे. त्यात वाकून फासळ्या मोजायला लागलं की अकरा-बाराच्या पुढे हमखास एखादी दोनदा मोजली जाते.